सायकलीचा डायनॅमो

अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वाराला दिवा दोन कारणांसाठी लागतो. पुढचा खड्डा त्याला दिसला पाहिजे, आणि मागून येणाऱ्या मोटारवाल्याला तो स्वतः दिसला पाहिजे. पहिली गोष्ट सर्वांच्या ध्यानात असते. दुसरीची मात्र पुष्कळदा हयगय होते, आणि ती जिवावर बेतू शकते.

एके काळी ही सोय रॉकेलच्या दिव्याने होत असे. वाऱ्याने तो विझे, आणि न विझला तर काच काळी करी. पुढे टायरच्या कडेला टेकणारा, बाटलीच्या आकाराचा डायनॅमो आला. तेल नाही, बॅटरी नाही. चाक फिरले की दिवा लागे. त्या काळी मुलांना याचे मोठे नवल वाटे. परंतु त्यामागील तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधून काढलेले आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविला म्हणजे त्या तारेत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हे ते तत्त्व होय. डायनॅमोच्या डोक्यावरील लहानशी चकती टायरला घासून फिरते व तिच्यासोबत आतील चुंबक फिरतो. चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर, तर चकतीचा अवघा सहासात सेंटिमीटर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चुंबकाचे तीसाहून अधिक फेरे होतात.

अशी वीज ताशी १५ किलोमीटर वेगाला सुमारे ६ व्होल्ट दाबाची व ३ वॅट शक्तीची असते. जुन्या पद्धतीत त्यांपैकी २.४ वॅट पुढच्या दिव्याला व ०.६ वॅट मागच्या दिव्याला मिळत. वेग वाढला तरी प्रवाह फारसा वाढत नाही, कारण वेटोळेच त्याला आवर घालते. तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहतो. म्हणूनच मागचा बल्ब उडाला की सारा प्रवाह पुढच्या बल्बवर येतो आणि थोड्याच वेळात तोही उडण्याचा संभव असतो. एक बल्ब गेल्यास तो तत्काळ बदलावा, हे त्यामुळेच.

या योजनेत एक मोठे वैगुण्य होते. सायकल थांबली की दिवा विझे. म्हणजे चौकात वाट पाहत उभा असलेला स्वार नेमका अंधारात सापडे. आता एलईडी दिव्यांनी हा दोष दूर केला आहे. ते थोड्या विजेत पुष्कळ प्रकाश देतात, आणि त्यांपैकी काहींत चालताना वीज साठविणारा लहानसा कंडेन्सर असल्यामुळे सायकल थांबल्यावरही ते काही मिनिटे जळत राहतात.

याच विजेवर मोबाईलही भारता येतो. पण तो डायनॅमोला थेट जोडणे घातक होय. डायनॅमोचा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलतो, तर मोबाईलला एकाच दिशेचा, ५ व्होल्टचा स्थिर प्रवाह हवा असतो. शिवाय उतारावर दाब कित्येक पटींनी वाढू शकतो. म्हणून मध्ये चार डायोडांची जोडणी, कंडेन्सर व दाब स्थिर राखणारे उपकरण लागते. चढावर किंवा थांब्यावर भरण तुटू नये यासाठी मोबाईलऐवजी आधी पॉवर बँक भरून घेणे श्रेयस्कर.

यातून किती लाभ होतो, याचाही हिशेब पाहावा. ४००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाईल बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. ३ वॅटच्या डायनॅमोने ती भरावयास निदान पाच तास, आणि मधली गळती धरता त्याहून अधिक वेळ सायकल चालवावी लागते. वादळात गावची वीज गेली असता निकडीच्या निरोपापुरती वीज मात्र थोड्या फेरीतही मिळू शकते. रात्री दिवा व भरण दोन्ही एकदम चालवू नयेत. ३ वॅटमध्ये दोघांचे भागत नाही, आणि दिव्याचा हक्क पहिला.

कोकण, गोवा, बेळगाव या भागांतील पावसात ओल्या टायरवरून चकती घसरते व दिवा मंदावतो. चाकाच्या तुंब्यातच बसविलेल्या हब डायनॅमोला ही अडचण नाही. तो महाग असला तरी पायांवर त्याचा भार कमी पडतो. बाटलीचा डायनॅमो बसविताना त्याच्या आसाची रेषा चाकाच्या मध्याकडे रोखलेली असावी; नाहीतर टायर झिजतो. एकाच तारेची जोडणी असल्यास वीज सांगाड्यातून परतते. म्हणून पकडीचा स्क्रू रंग खरवडून उघड्या धातूला भिडवावा.

तिन्हीसांजेला घरून निघण्यापूर्वी डायनॅमोचे चाक उचलून हाताने दोनतीन वेळा जोरात फिरवावे, आणि पुढचा व मागचा असे दोन्ही दिवे लागतात की नाही हे पाहावे. मागचा दिवा स्वाराला वाटेत दिसत नाही. तो आधीच पाहून घ्यावा लागतो.