बोबड्या बोलांची परिषद

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही पुणे जिल्ह्यातील बाजारपेठेची दोन गावे. दोन्हीकडच्या जैन व्यापारी घरांत मूल वाढते ते अनेक भाषांच्या गजबजाटात. आजी मारवाडीत किंवा गुजरातीत लाड करते, दुकानात गिऱ्हाइकांशी मराठीत बोलणे होते, दौंडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावी हिंदी सतत कानी पडते आणि तिसरे वर्ष सरते न सरते तोच इंग्रजी शाळेचे वेध लागतात. अशा घरातील एखादे मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा दोन मते हमखास ऐकू येतात. ज्येष्ठ म्हणतात, "याचे वडीलही उशिराच बोलले, थांबा थोडे." तरुण आईवडिलांना वाटते की इतक्या भाषांमुळे मूल गोंधळले, आता घरात एकच भाषा ठेवावी, तीही शाळेची.

दोन्ही मते मायेपोटीच निघतात. परंतु मायेने दिलेला सल्लाही पारखून घ्यावा लागतो. ही पारख जिथे होते, त्या बालभाषा संशोधनाच्या परिषदांची ओळख आपल्या घरांना फारशी नाही.

ब्रनो ते प्राग

मुलाला भाषा कशी येते, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 1970 मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे स्थापन झाली. तिचे अधिवेशन साधारणपणे दर तीन वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरते. 2024 चे अधिवेशन प्राग येथे झाले. अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाची भाषाविकास परिषद 1976 पासून दरवर्षी होते. भारतात वाचा व श्रवण या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे वार्षिक अधिवेशन वेगवेगळ्या शहरांत भरते. पुण्याचाही या विद्येशी जुना संबंध आहे. 1928 मध्ये लाहोर येथे स्थापन झालेली भारतीय भाषाविज्ञान परिषद पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात स्थिरावली.

अशा परिषदेत केवळ व्याख्याने होतात असे नाही. संशोधक आपल्या निबंधाचा सारांश आधी पाठवितो, परीक्षक तो तपासतात आणि मगच निबंध वाचण्यास किंवा भित्तिपत्रक मांडण्यास अनुमती मिळते. निबंध वाचून झाला की श्रोते प्रश्न विचारतात. किती मुले पाहिली? कोणत्या वयाची? घरची भाषा कोणती? वहीखात्यातील प्रत्येक नोंद पावतीशी ताडून पाहावी, तसाच हा प्रकार. ज्याचे उत्तर ठामपणे देता येत नाही, तो निष्कर्ष मागे पडतो.

'त' आणि 'ट' यांचा प्रयोग

या क्षेत्रातील एका प्रसिद्ध प्रयोगात आपल्याकडचे वर्ण आहेत. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये तो प्रसिद्ध केला. हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद इंग्रजी भाषकांच्या कानाला सहज कळत नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारी फारच थोडी निघाली. जी भाषा कानी पडत नाही, तिच्यातील भेद वर्षाच्या आतच मनातून पुसट होऊ लागतात. म्हणजे बाळ बोलत नाही त्या काळातही त्याचे भाषेचे शिक्षण चालूच असते.

बाळाला ऐकूच येत नसेल, तर हे शिक्षण सुरू होत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले, की श्रवणदोषाचे निदान सहा महिन्यांच्या आत होऊन लगेच उपचार मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस असते. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, ही मुदत आज तज्ज्ञांनी मान्य केली आहे.

दोन मतांचा निवाडा

अनेक भाषांमुळे मूल मुके राहत नाही, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. दोन भाषांत वाढणारे मूलही पहिला शब्द साधारणपणे त्याच सुमारास उच्चारते. त्याचे शब्द दोन भाषांत विभागलेले असतात, म्हणून मोजताना दोन्हींची बेरीज करावी लागते. एकाच वाक्यात मारवाडी आणि मराठी मिसळली, तर तो दोष नव्हे. मराठीतील तो, ती, ते अशी तीन लिंगे मारवाडीत दोनच होतात, तरीही मूल हा हिशेब हळूहळू सांभाळते. खरा भाषादोष असेल, तर तो सर्वच भाषांत दिसतो. आजीची भाषा बंद केल्याने तो बरा होत नाही. मुलाशी सर्वांत अधिक बोलणारे माणूस मात्र गप्प होते.

"थांबा थोडे" या मतातही अर्धे सत्य आहे. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे बरोबरीला येतात. परंतु कोणते मूल येईल आणि कोणते मागे राहील, हे नुसते पाहून सांगता येत नाही. वर्षाचे बाळ हाकेला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर आधी श्रवणचाचणी करावी आणि मग स्पीच थेरपिस्टचा सल्ला घ्यावा. लोक काय म्हणतील, पुढे सोयरीक कशी जुळेल, या संकोचात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आपल्या हातचे काम

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडीत व शासकीय शाळेत त्याची पथके मुलांची तपासणी करतात. श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब या दोन्हींचा तीत समावेश आहे. खाजगी शाळेत जाणारी आपली बरीच मुले या तपासणीच्या बाहेर राहतात. श्रीसंघाच्या आरोग्य शिबिरात नेत्रतपासणी असते. तिच्या जोडीला बालकांची श्रवणचाचणी ठेवणे अवघड नाही.

आणखी एक वाट आहे. इव्हान किड आणि रोवेना गार्सिया यांनी 2022 मध्ये या विषयाच्या प्रमुख नियतकालिकांचा आढावा घेतला, तेव्हा जगातील सुमारे 7000 भाषांपैकी जेमतेम दीड टक्का भाषांतील मुलांवर संशोधन झाल्याचे आढळले. तीन-चार भाषांत एकाच वेळी वाढणारे शिरूर-दौंडचे मूल त्या ज्ञानाला काही नवे देऊ शकते. वाचा व श्रवण विषयाचे पदवी शिक्षण पुण्यात भारती विद्यापीठात आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत मिळते. वाणिज्य आणि सीएच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याने ही वाट धरली आणि उद्या अशा परिषदेत उभे राहून आपल्या घरांतील बोबड्या बोलांविषयी सांगितले, तर तो लाभ सर्वांचाच.

मुद्दल आणि मुदत यांचे मोल व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बालकाचे ऐकणे हे मुद्दल आहे आणि पहिली काही वर्षे ही मुदत. ती टळू न देणे, एवढेच घरातील मोठ्यांच्या हाती आहे.