धाराशिवच्या शेततळ्यात मोती पिकवायला परवाना कुणाचा?

शिंपले, कोळंबी, समुद्री शैवाल यांच्या शेतीचे व्हिडिओ आता भूम-परंड्यातही फिरतात. मग पारावर कुणीतरी ठासून सांगतो, ‘त्याला चेन्नईचं लायसन लागतं!’ धाराशिवला ते लागत नाही. चेन्नईचे तटीय जलकृषी प्राधिकरण 2005च्या कायद्याने आले आणि त्याची हद्द भरतीरेषेपासून 2 किलोमीटरपर्यंतच आहे. 2023च्या दुरुस्तीने शैवाल आणि शिंपल्यांची शेतीही त्यात आली, पण ती किनाऱ्यावरची.

‘मग इथे काहीच लागत नाही’ हा गैरसमज जास्त महागात पडतो. आधी पाणी कुणाचे ते बघा. स्वतःच्या शेततळ्याला ठेका लागत नाही. सीना-कोळेगाव किंवा निम्न तेरणासारख्या जलाशयात मात्र मासेमारी ठेक्याने दिली जाते, बहुतेकदा मच्छीमार सहकारी संस्थांना. जमीन धरणात गेली म्हणून पाण्यावर हक्क येत नाही. तिथले शिंपले काढून आणायचे तरी आधी संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा. तळे स्वतःचे असले तरी थाई मांगूर चालत नाही. त्यावर 2000 सालापासून बंदी आहे.

मोत्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत कागदाचीच होते. खासगी कंपनीचा ‘बायबॅक’ करार किंवा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे सरकारी परवाना नव्हे. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचे तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केले आहे आणि ती प्रशिक्षणही देते. जिवंत शिंपल्याच्या आत केंद्रक बसवतात आणि नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत तो पाण्यात टांगतात. मोती व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. शिंपला पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात बोअरचे नितळ पाणी भरून ठेवले, तर तो उपाशी मरतो. आपल्याकडची निम्मी फजिती तिथेच होत असावी.

समुद्री शैवालाला खारे पाणीच लागते, ते शेततळ्यात येणार नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारा शैवाल अर्क हा वेगळा माल आहे. तो जैव-उत्तेजकात मोडतो आणि 2021पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतो.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरले आहे. मात्र जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाची लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत शिंपले विकत घेऊ नका.