हिरवा माणूस थांबला तेव्हा

परदेशप्रवासाची तयारी म्हटली की आपल्या घरांत आधी लोणची, भाजणी आणि चकल्यांची पाकिटे निघतात. औषधांची पिशवी बहुधा सर्वांत शेवटी, टॅक्सी दाराशी उभी असताना भरली जाते. मी व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे आमच्या घरी हा क्रम उलटा असतो. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन सिंगापूरला, त्यांच्या लेकीकडे, तीन आठवड्यांसाठी जायचे ठरले, तेव्हा आठ दिवस आधीच त्यांच्या सगळ्या गोळ्या मी जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

तीन महिन्यांची औषधे एकदम आणण्याची आमची पद्धत आहे. त्या हिशेबाने सगळ्या गोळ्या एकाच सुमारास संपायला हव्या होत्या. रक्तदाबाची गोळी संपत आली होती, थायरॉइडचीही. परंतु पायांवरची सूज उतरावी आणि हृदयावरचा भार हलका व्हावा म्हणून तज्ज्ञांनी दिलेली लघवीची गोळी मात्र तब्बल २२ ने जास्त भरली.

"राहिल्या असतील एखाद्या वेळी," सासूबाई म्हणाल्या आणि चकल्यांच्या डब्याकडे वळल्या.

बावीस म्हणजे एखादी वेळ नव्हे, हे मला कळत होते. दवाखान्यात समोर बसलेल्या रुग्णाला मी इतक्या सहज सोडले नसते. घरच्या माणसाला मात्र सोडले. वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी घरातल्या वृद्धांची औषधे सांभाळत असतील, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही दादरला, शिवाजी पार्कपासून चालत सात-आठ मिनिटांवर राहतो. म्हणजे माझ्या सात-आठ मिनिटांवर. इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी भाजी घेऊन परतताना निखळलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून त्या पडल्या आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हात पूर्ववत झाला, परंतु बाहेर पडणे थांबले ते थांबलेच. पेन्शनसाठी बँकेत, गुरुवारी मठात, क्वचित कोणाच्या हळदीकुंकवाला, एवढेच काय ते उरले. पूर्वी त्या पार्काच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बसत. तेही सुटले.

"आई, चालल्याशिवाय गुडघे मोकळे व्हायचे नाहीत," असे मी त्यांना दर दोन दिवसांनी ऐकवत असे. गेली २८ वर्षे मी माझ्या रुग्णांच्या कागदावर औषधांच्या खाली 'रोज अर्धा तास चालणे' ही ओळ लिहीत आले आहे. ती न पाळणाऱ्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार त्या ओळीनेच मला दिला आहे, अशी माझी समजूत होती.

मुंबईहून सिंगापूरपर्यंतचा थेट विमानप्रवास साडेपाच तासांच्या आसपासचा. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून दर तासाला पावले वरखाली हलवावीत, जमेल तेव्हा उठून दोन पावले टाकावीत आणि पाणी पीत राहावे. औषधे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावीत, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात टाकलेली बॅग चुकून दुसऱ्या गावी गेली तर गोळ्या आपल्याजवळ राहिल्या पाहिजेत. झोपेच्या काही गोळ्या आणि काही तीव्र वेदनाशामके यांना सिंगापुरात आधी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा जाणार त्या देशाचे नियम अगोदर पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळेतल्या फरकाबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवावे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

हे सारे मी सासूबाईंना समजावले होते. त्यांनी पावले हलवली, दोनदा उठून चालूनही आल्या. पाण्याला मात्र साडेपाच तास ओठ लावला नाही. हवाईसुंदरीने दोनदा विचारले, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मी पाहिले आणि पुन्हा एकदा सोडून दिले.

माझी नणंद टोआ पायोह या वसाहतीत राहते. सिंगापूर म्हणजे काचेचे उंच मनोरे अशी आपली कल्पना असते. टोआ पायोह मात्र १९६० च्या दशकात सरकारने उभारलेली साधी, मध्यमवर्गीय वसाहत आहे. वाळत घातलेले कपडे, कुंड्यांतला कढीपत्ता, जिन्यापाशी गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या हे सगळे तेथेही आहे. देशातले बहुसंख्य रहिवासी अशाच सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. पूर्वी या इमारतींतल्या लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. मधल्या मजल्यांवरच्या लोकांना एक-दोन जिने चढावे-उतरावे लागत. रहिवासी वृद्ध होऊ लागले तेव्हा, २००१ पासून, जुन्या इमारतींत फेरबदल करून शक्य तेथे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी योजना हाती घेण्यात आली. पुढे २०१२ पासून वृद्धांच्या घरांत न्हाणीघराला आधाराच्या दांड्या बसवणे, फरशी न घसरणारी करणे ही कामेही सरकारी अनुदानातून होऊ लागली. श्रीमंत देश आहे, त्यांना परवडते, असे आपण म्हणू. ते खरेही आहे. पण मला आश्चर्य वाटले ते पैशाचे नव्हे. उभी असलेली इमारत म्हाताऱ्या माणसाला जाचते आहे, हे कोणाच्या तरी लक्षात आले होते.

या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा सोडलेला असतो. तेथे दगडी टेबले आणि बैठे चौथरे असतात. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई लेकीबरोबर खाली गेल्या आणि तेथे त्यांना वरच्या मजल्यावरच्या एक तमिळ अम्मा भेटल्या. वय ८० च्या पुढे. दोघींना जोडणारी भाषा नव्हती. सासूबाईंचे हिंदी बेताचे, अम्मांना ते तेवढेही नाही. तरी तिसऱ्या दिवसापासून दोघी रोज संध्याकाळी बरोबर निघू लागल्या. मी चार पावले मागे.

वसाहतीतून बाजाराकडे जाताना एक मोठा रस्ता ओलांडावा लागे. पहिल्या वेळी सासूबाई कडेलाच थबकल्या. पडल्यापासून रस्ता ओलांडताना त्या माझे मनगट इतके घट्ट धरतात की बांगडीचा वळ उठतो. अम्मांनी पिशवीतून एक कार्ड काढले, सिग्नलच्या खांबावरच्या पेटीला टेकवले आणि सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला. हिरवा माणूस उजळला. आम्ही मध्यावर आलो, पलीकडे पोहोचलो, पदपथावर चढलो, तरी तो तेवतच होता.

चौकशी केल्यावर कळले, की २००९ पासून तेथे ही सोय आहे. साठी ओलांडलेल्या रहिवाशांनी आणि अपंगांनी आपले सवलतीचे कार्ड टेकवले, की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. सासूबाई पाहुण्या, त्यांच्याकडे असे कार्ड नव्हते. त्या तीन आठवडे अम्मांच्या सेकंदांवर रस्ता ओलांडत होत्या.

त्या सेकंदांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पायी जाणारा माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरून सिग्नलची वेळ आखण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. म्हणजे १२ मीटर रुंदीच्या रस्त्याला १० सेकंद. सासूबाईंची चाल मी मोजली, ती सेकंदाला ०.७ मीटरच्या आसपास भरली. त्यांना त्याच रस्त्याला १७ सेकंद लागतात. उरलेली ७ सेकंदे त्या गाड्यांसमोर असतात. इतकी वर्षे याला मी भित्रेपणा म्हणत होते.

आता त्या बावीस गोळ्यांकडे येते. चौथ्या दिवशी सकाळी वनस्पती उद्यान पाहायला जायचे होते. न्याहारीच्या वेळी मी गोळ्या काढून दिल्या. त्यातली लघवीची गोळी सासूबाईंनी हळूच बशीच्या कडेखाली सरकवली. नणंदेने ते पाहिले. ती सहज म्हणाली, "आई, घे गं. इथे प्रत्येक स्टेशनात, प्रत्येक खाण्याच्या बाजारात स्वच्छतागृह असतं. मी दाखवते ना."

सासूबाईंनी गोळी उचलली आणि घेतली. मग माझ्याकडे न पाहताच बोलू लागल्या.

बाहेर जायचे असले की त्या गोळी घेत नसत. बँकेत रांग असते, मठाजवळ सोय नाही, कोणाच्या घरी जाऊन पहिल्याच मिनिटाला न्हाणीघर कसे विचारायचे? आदल्या संध्याकाळपासून पाणीही कमी पीत. "आणि त्या दिवशी मी पडले ना," त्या म्हणाल्या, "ती फरशी मला दिसली होती गं. पण मला घर गाठायची घाई झाली होती. दोन जिने चढायचे होते अजून."

मी त्यांचे मनगट जोडून आणले होते, हाडांची घनता तपासली होती, चपला बदलल्या होत्या, डोळ्यांचा नंबर तपासून घेतला होता. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. घरात डॉक्टर सून असूनही त्यांना तो सांगता आला नव्हता. किंबहुना सून डॉक्टर होती म्हणूनच सांगता आला नसेल. गोळी चुकवली म्हणून मी रागावेन, ही भीती काही अनाठायी नव्हती.

ही गोळी घेणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. ती परस्पर बंद करू नये. सूज आणि धाप दोन्ही परत येऊ शकतात. तसेच पाणी तोडून प्रश्न सुटत नाही. शरीरातले पाणी कमी झाले की उठताना रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडण्याची शक्यता वाढते. परंतु सकाळी घेतलेल्या नेहमीच्या अशा गोळीचा जोर बहुधा सहा ते आठ तासांत ओसरतो. तेव्हा बाहेर पडण्याची वेळ आणि गोळीची वेळ यांची सांगड घालता येते. त्यासाठी डॉक्टरांना खरे सांगावे लागते, आणि डॉक्टरांनी ते विचारावे लागते. आम्ही तज्ज्ञांशी फोनवर बोललो. गोळी सकाळी सातला ठेवली आणि फिरणे संध्याकाळी पाचला.

सिंगापूरची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. त्या खाण्याच्या बाजारांत उष्टी ताटे उचलणारी माणसे पुष्कळदा सत्तरीच्या घरातली असत. सासूबाईंना ते पाहवत नसे. "यांच्या घरी कोणी नाही का?" असे त्या विचारत. कोणी गरजेपोटी येत असेल, कोणी वेळ जावा म्हणून. बाहेरच्याने निवाडा करू नये. शिवाय तिसऱ्या आठवड्यात त्यांना घर आठवू लागले. लेक-जावई दिवसभर कचेरीत, दारे बंद, न सांगता डोकावणारे कोणी नाही. दादरला दुपारी तीन वेळा घंटा वाजते म्हणून करवादणाऱ्या सासूबाई तेथे घंटेची वाट पाहत.

परत आल्यावर एका रविवारी मी त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने, घरापासून शिवाजी पार्कपर्यंत गेले. हातात घड्याळ आणि कागद. माझ्या सात-आठ मिनिटांना २१ मिनिटे लागली. वाटेत चार ठिकाणी पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले. मोठ्या रस्त्यावरचा हिरवा दिवा आम्ही मध्यावर असतानाच गेला. एका तरुणाने मोटारसायकल आडवी घालून हात वर केला आणि मागची रहदारी थोपवून धरली. बसायला तीन जागा सापडल्या: औषधाच्या दुकानातली खुर्ची, फुलवालीचे स्टूल आणि मग पार्काचा तो सव्वा किलोमीटरच्या आसपासचा कट्टा. फुलवालीने आम्हांला न विचारताच स्टूल पुसून पुढे केले. स्वच्छतागृह विचाराल तर वाटेवर एकच, आणि त्याला दोन पायऱ्या.

सिग्नलची वेळ आणि निखळलेले पेव्हर ब्लॉक यांबद्दल मी संबंधित कार्यालयाला रीतसर अर्ज दिला आहे. चार महिने झाले, उत्तर नाही. परंतु कागदावर काढलेला तो वाटेचा नकाशा मी दवाखान्यात ठेवला आहे आणि 'रोज अर्धा तास चालणे' लिहिण्याआधी आता समोरच्या आजी-आजोबांना विचारते: कोणत्या वाटेने जाता? मध्ये कुठे बसता? कुठे थांबायची सोय आहे? पहिल्या दोन प्रश्नांना चटकन उत्तरे येतात. तिसऱ्याला बहुतेक जण आधी सोबतच्या मुलाकडे किंवा सुनेकडे पाहतात. मग मी सोबतच्यांना बाहेर बसायला सांगते.

आपणही घरातल्या वृद्ध व्यक्तीबरोबर असे एकदा जाऊन पाहा. आपल्या नव्हे, त्यांच्या पावलांनी. निघण्यापूर्वी घरातच एक छोटी चाचणी करता येईल. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे याला १२ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका जास्त आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

सासूबाई आता आठवड्यातून चार-पाच दिवस कट्ट्यावर जातात. अम्मांचा फोन येतो तेव्हा दोघी एकमेकींच्या भाषेत न कळणारे बरेच काही बोलतात. मागच्या महिनाअखेरीस मी गोळ्या पुन्हा मोजल्या. लघवीच्या दोन जास्त निघाल्या. या खेपेला मी विचारले.

"पुतणीचं लग्न आणि श्रीपूजन होतं ना ते," सासूबाई म्हणाल्या. "कार्यालयात सोय कशी असेल, कोणास ठाऊक."

पुढच्या लग्नाला जाण्यापूर्वी कार्यालयात फोन करून आधी तेच विचारायचे, असे आमचे ठरले आहे. फोन मी करायचा.