बाहुलीचं न्हाणं, बाळाचं टोपडं

जुन्या बाहुलीला बादलीत बुडवू नका. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांमागे बहुधा तार आणि छोटं वजन असतं. पाणी शिरलं की तार गंजते, पापणी अर्ध्यावर अडकते. सौम्य साबणाचं पिळलेलं फडकं पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर नकोच! त्यातल्या अ‍ॅसिटोननं गालांचा रंग उतरतो, काही प्लास्टिकही विरघळतं. आजीच्या काळातली सेल्युलॉइडची बाहुली असेल तर शेगडी, समईपासून लांब. ती भपकन पेटते.

आता बाळाचं विणकाम. क्रोशाच्या टोपड्याला सुती दोरा घ्यावा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. वीण ताणते, म्हणून दोनेक सेंटिमीटर कमीच धरा. मोज्यांना मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड, घट्ट टाकाच बरा. जाळीची नक्षी दिसते छान, पण तिच्यात इवली बोटं अडकतात. मणी, बटणं, रिबिनी हव्याच असतील तर बाहुलीच्या झग्याला लावा.