वाटप पाट्यावरचे, मसाला वायनातला

मालवणी स्वयंपाकात ठेचणे, वाटणे, रगडणे आणि कांडणे ही चार निराळी कामे आहेत, आणि प्रत्येकाचे साधन निराळे आहे. लसूण, वेलची, तिरफळ खलबत्त्यात ठेचतात. ओल्या नारळाचे वाटप पाट्यावर होते. आंबोळीचे पीठ किंवा वीस-पंचवीस माणसांच्या जेवणाचे खोबरे रगड्यावर, म्हणजे तिथल्या भाषेत रगड्यार, जाते. भात आणि सुक्या मिरच्या कांडायच्या त्या वायनात. वायन म्हणजे जमिनीत पुरलेले दगडी उखळ. त्यात उभ्याने लांब लाकडी मुसळ चालवतात. पाककृतीच्या पुस्तकात या सगळ्यासाठी 'बारीक करून घ्या' एवढेच लिहिलेले असते, आणि माशाची कढी बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

मालवण तालुक्यातल्या तोंडवली-तळाशीलचा किनारा म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे माड भरपूर, मासळी दाराशी, पण पाट्याजोगा दगड नाही. किनारा सोडून आत गेले की जांभा लागतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि उघड्या हवेत कठीण होत जातो, म्हणून घरांच्या भिंतींना आणि विहिरींना उत्तम; मात्र तो भोकाभोकांचा असल्याने त्याची पूड सुटते आणि भोकांत ओले वाटण अडकून आंबते. वाटायला हवा घट्ट काळा दगड, सह्याद्रीच्या बाजूचा बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटच्या जातीचा. असा जड दगड एकदा घरात आला की सहसा हलत नाही. सासूचा पाटा सुनेकडे आणि तिच्याकडून नातसुनेकडे येतो.

पाटा हे या सगळ्यांतले बहुधा सर्वांत जुने साधन. भीमेची उपनदी घोड हिच्या काठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांतही खोलगट पाटे आणि ते घासायचे दगड होते. फिरते जाते त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. मेक्सिकोत मका वाटायचा मेटाटे हाही काळ्या बेसाल्टचाच, आणि तोही गुडघ्यांवर बसून पुढे-मागे घासायचा. भारताशी काही संबंध नसताना तिथल्या बायका त्याच युक्तीपर्यंत पोचल्या.

वाटप करायची रीत अशी. पाट्याची पुढची बाजू किंचित उतरती ठेवतात आणि तिच्याखाली ताट किंवा वाडगा. आधी कठीण जिन्नस घ्यायचे: भिजवलेल्या लाल मिरच्या, धणे, चार मिरे, हळद. ते पाण्याचे दोन थेंब घालून चेचतात आणि त्यांचा खरखरीतपणा जाईपर्यंत वाटतात. मगच खवलेले ओले खोबरे, थोडे थोडे करून. सगळे एकदम पाट्यावर ओतले तर मऊ खोबऱ्याच्या आड धणे लपून बसतात आणि कढीत दाताखाली येतात. वरवंटा मनगटाने फिरवायचा नाही. खांद्यातून अंग पुढे झोकून तो ढकलायचा, आणि मागे घेताना हात सैल. जाताना दाब आणि येताना फक्त वाटण गोळा करणे, असा तो ठेका असतो. नवख्या माणसाची मनगटे दुखतात ती दोन्ही वेळा जोर लावल्यामुळे.

पाणी नेहमी थेंबाथेंबाने. पाणी जास्त झाले की वरवंटा दगडावर न घासता ओल्या वाटणावर तरंगतो आणि कितीही वेळ घालवला तरी कण बारीक होत नाही. चांगले वाटप गंधासारखे असावे, बोटांत घेतल्यावर कण लागू नये. शेवटी पाटा पाण्याने धुऊन ते पाणी कढीतच घालायचे. निम्मी चव त्या धुण्यात असते असे म्हणणे थोडे वाढवून सांगितल्यासारखे असले, तरी ते पाणी कुठलीही मालवणी बाई मोरीत ओतणार नाही. मिरचीने हात भगभगले तर पाण्याखाली धरून उपयोग होत नाही. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, म्हणून आधी खोबरेल चोळायचे आणि मग साबण लावायचा.

कच्च्या खोबऱ्याचे हे वाटप माशासाठी. कोंबडीसाठी किंवा काळ्या वाटाण्याच्या उसळीसाठी कांदा-खोबरे खरपूस भाजून वाटतात. भाजलेले खोबरे कोरडे आणि तेलकट असते, त्यामुळे त्याला वेळ जास्त लागतो. सोलकढीचे काम त्याहून वेगळे. तिथे खोबरे वाटून फडक्यातून पिळायचे असते, म्हणून गंधासारखे बारीक करायची गरज नाही. पहिला रस दाट, पाणी घालून काढलेला दुसरा पातळ.

खलबत्त्यात जाणाऱ्या जिनसांचे गणित वेगळे आहे. लसणीच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. पेशी फुटल्या की तिच्यातले ॲलिइन आणि ॲलिनेज हे विकर एकमेकांना भेटतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. तोच तो झणझणीत वास. सुरीने कापल्यावर थोड्या पेशी फुटतात आणि ठेचल्यावर पुष्कळ, म्हणून फोडणीत ठेचलेली लसूण कापलेल्या लसणीपेक्षा जोरात बोलते. मोहरी फेसल्यावर नाकात जाते तीही अशाच कारणाने.

तिरफळाबाबत मात्र हात आवरावा लागतो. बांगडा आणि तारली यांसारख्या उग्र, तेलकट माशांसाठी तिरफळ हवेच, पण त्याचा सुगंध सालीत असतो. काळे बी काढून टाकायचे, साल खलबत्त्यात जेमतेम चेपायची आणि ती थोड्या पाण्यासह तिखल्यात सोडायची. वाटपाबरोबर पाट्यावर बारीक केली तर सगळी कढी कडवट होते.

वर्षाचा मसाला हे उन्हाळ्यातले मोठे काम. पाऊस सुरू झाला की कोकणातल्या हवेत काहीच कोरडे राहत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या आणि खडा मसाला कडक उन्हात वाळवून, निरनिराळा भाजून कांडून ठेवतात. वायनाभोवती दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकतात; एकीचे वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते. मसाला चाळायचा आणि वर राहिलेला जाडाभरडा पुन्हा वायनात घालायचा. आता हे काम बहुतेक ठिकाणी विजेवरच्या डंकनावर होते. डंकनही वायनासारखे वरून आपटत कांडते, त्यामुळे पिठाच्या चक्कीइतका मसाला तापत नाही आणि त्यातली सुगंधी तेले कमी उडतात. चक्कीवर रांगा लहान असल्या तरी डंकनासमोर गर्दी असते ती यामुळे.

घरातल्या वाटपाची सूत्रे बदलली मिक्सरने. मुंबईत सीमेन्समध्ये काम केलेले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ मध्ये 'सुमीत' तयार केला. परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे जळून जात, आणि सुमीतची मोटार ओले खोबरे, भिजवलेली डाळ, हळकुंडे यांचा भार सोसेल अशा हिशेबाने बनवलेली होती. मिक्सरमुळे मालवणी बायकांची कंबर वाचली, हे आधी मान्य करायला हवे. पाट्याचे गोडवे गाणाऱ्यांत रोज वाटणारे कमीच असतात. फरक एवढाच की पाते कापते आणि दगड चिरडतो. पात्याला फिरायला पाणी लागते, त्यामुळे वाटप पातळ होते, आणि सतत फिरवले की भांडे तापून खोबऱ्याचे तेल सुटू लागते. यावर उपाय सोपा आहे. मिरच्या-धणे आधी कोरडे फिरवावेत, खोबरे नंतर घालावे, पाणी थंड आणि बेताचे ठेवावे, मिक्सर थांबत थांबत चालवावा. ठेच्यासाठी, आल्या-लसणीसाठी आणि दोन वेलच्यांसाठी मात्र मिक्सर काढणे हा वेळेचा अपव्यय आहे. तेवढ्यासाठी लहानसा दगडी खलबत्ता ओट्यावर हवाच.

तो घेताना दगड बघून घ्यावा. संगमरवरी खल दिसतो देखणा, पण संगमरवर म्हणजे चुनखडीचेच रूप. लिंबू, चिंच, सोले यांच्या आंबटाने तो खरवडला जातो. पितळी खलबत्त्यातही आंबट वाटू नये. लोखंडी असेल तर धुऊन लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवावा. नव्या दगडी खलबत्त्याची किंवा पाट्याची कच निघून जाण्यासाठी ब्रशने घासून धुवावे आणि मूठभर भिजवलेले तांदूळ वाटून टाकून द्यावेत. पहिले वाटण राखाडी निघते. ते पांढरेशुभ्र निघेपर्यंत हे करत राहायचे, मग एकदा जाडे मीठ आणि खोबऱ्याचा चोथा. पावसाळ्यात पाटा धुऊन भिंतीला उभा टेकवावा, आडवा ठेवला तर खालची बाजू सुकत नाही.

वापरून वापरून पाटा गुळगुळीत होतो आणि वरवंटा त्यावरून घसरू लागतो. तेव्हा त्याला टाकी लावतात: छिन्नी-हातोडीने बारीक, सारख्या अंतरावर टिंबे पाडून दगड पुन्हा खरखरीत करतात. पूर्वी पाथरवट दारोदार हाळी देत फिरत. आता माणूस मिळणे कठीण झाले आहे, आणि मिळालाच तर बारशाला जो वरवंटा नटवून पाळण्याखालून फिरवतात तोही त्याच्यापुढे आणून ठेवला जातो. टाकी लावल्यावर पाटा नव्यासारखाच तांदळाने वाटून धुवायचा असतो; हे विसरले तर पुढच्या दोन-तीन वेळच्या कढीत कच लागते.