संरक्षण, पण कशापासून? : नेमबाजीच्या रेंजवरचा चष्मा

ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्याने चष्म्यावर व्याख्यान द्यावं याचं संयोजकांनाही नवल वाटलं. विषय आमच्या नातीने दिला. ती दोन वर्षांपासून पिस्तूल नेमबाजी शिकते आणि तिला रेंजवर सोडण्या-आणण्याचं काम आमच्याकडे आहे. निवृत्त माणसाला घरात अशीच कामं मिळतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे आपल्याकडे पुष्कळ आईवडील मुलांना रेंजवर आणू लागले आहेत. मुलं आत नेम धरतात, आम्ही मंडळी मागच्या बाकांवर बसून चर्चा करतो.

त्या बाकावर पॅरिसचे दोन फोटो खूप फिरले. एक तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांचा: साधा नंबरचा चष्मा, एक हात खिशात, दोन्ही डोळे उघडे, आणि रौप्यपदक. दुसरा दक्षिण कोरियाच्या किम ये-जी यांचा: एका डोळ्यापुढे यंत्रासारखं भिंग, दुसऱ्या डोळ्यापुढे झडप. यावर एका वडिलांनी निष्कर्ष काढला, ‘बघा सर, त्या काकांना काही लागलं नाही. संरक्षणाचा चष्मा हे सगळं दुकानदारांचं खूळ आहे.’ दुसरे म्हणाले, ‘छे, मला मुलीसाठी त्या कोरियन बाईंसारखा सेफ्टी गॉगल घ्यायचा आहे.’

दोघंही चुकत होते, आणि दोघांची चूक एकच होती. किम ये-जी यांनी घातलं होतं ते नेम धरण्याचं साधन. त्या चौकटीत डोळ्यासमोर एक छोटं गोल भिंग असतं, त्याला बारीक छिद्राची झडप जोडता येते. छिद्र लहान केलं की साइट आणि लक्ष्य दोन्ही बरेच स्पष्ट दिसतात. दुसऱ्या डोळ्यावरचा पडदा त्या डोळ्याचं चित्र मध्ये येऊ नये म्हणून. बाजूंनी, वरून, खालून सगळं उघडं. बाजारात याला ‘शूटिंग ग्लासेस’ म्हणतात, आणि घोटाळा इथेच होतो. दिसण्यासाठीचा चष्मा आणि डोळा वाचवण्यासाठीचा चष्मा या दोन वस्तू आहेत, नाव मात्र एकच.

आमच्या नैयायिकांनी अभावाबद्दल एक फार नेमकी गोष्ट सांगून ठेवली आहे. नुसता अभाव असं काही नसतं. अभाव घटाचा असतो, पटाचा असतो. ज्याचा अभाव, त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि तो सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ‘संरक्षण’ हा शब्दही आम्हाला तसाच वाटतो. ‘हा चष्मा सुरक्षित आहे’ हे अर्धं वाक्य आहे. कशापासून सुरक्षित, हे विचारल्यावरच ते पुरं होतं. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको, हा हवा.

मग रेंजवर डोळ्याकडे काय काय येऊ शकतं? १० मीटर एअरमध्ये शिशाचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा लक्ष्यामागच्या कडक पट्टीवर आपटून चपटा होतो, त्याचे कण उडतात, क्वचित छर्राच परत येतो. पोलादी बीबी छर्रे असतील तर ते शिशासारखे चपटे होत नाहीत, चेंडूसारखे उलट येतात. पॉइंट टू टूच्या पिस्तुलातून गरम पुंगळी बाहेर पडते, क्वचित पुंगळी फाटून गॅस आणि धातूचे कण मागे येतात. ट्रॅप आणि स्कीटमध्ये फुटलेल्या मातीच्या तबकडीचे तुकडे वरून पडतात, शिवाय वारा आणि धूळ. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं ते म्हणजे एअर गनचं सिलिंडर. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते. ते भरताना, जोडताना मुलं चष्मा काढून ठेवतात, कारण ‘आता गोळी कुठे मारतोय?’

आता प्रमाणाकडे येऊ. चष्म्याच्या भिंगावर आणि काडीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. अमेरिकन मानकाची खूण म्हणजे इंग्रजी झेड, त्यापुढे ८७ आणि शेवटी अधिकचं चिन्ह. त्या अधिकाला महत्त्व आहे. तो नसेल तर वेगवान आघाताची चाचणी झालेली नाही. ती खूण भिंगावरही हवी आणि चौकटीवरही, कारण भिंग टिकलं आणि चौकटीतून निसटून डोळ्यात गेलं तर उपयोग काय? युरोपियन मानक ईएन १६६. त्यात चष्म्यावर एफ हे अक्षर असतं: सहा मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारली तरी भिंग टिकलं.

इथे जरा हिशेब करू, कंटाळू नका. वस्तुमानाचा अर्धा भाग गुणिले वेगाचा वर्ग. त्या चाचणीच्या गोळीची ऊर्जा येते ०.८७ ज्यूल. १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो, म्हणजे हे त्याहूनही कमी. अमेरिकन अधिकाच्या चाचणीतली गोळी किंचित मोठी, तिची ऊर्जा एक ज्यूलच्या थोडी वर. आणि स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा? अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजन, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेग. ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल. म्हणजे मानकाच्या चाचणीपेक्षा सात-आठपट! हा आकडा कागदावर आला तेव्हा आम्ही तो दोनदा तपासला, कारण तोवर ‘खूण आहे ना, मग झालं’ असं आम्हीही इतर पालकांना सांगत होतो.

म्हणजे खुणेचा चष्मा समोरून थेट येणारा छर्रा थोपवेल, असं ती खूण म्हणतच नाही. ती एवढंच सांगते की उडालेला कण, वेग गमावून परत आलेला तुकडा, पुंगळी यांना हा चष्मा पुरेल. अमेरिकन लष्कराची चष्म्यांची चाचणी जास्त कठोर आहे. तिथे छोटा पोलादी प्रक्षेप सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने मारतात, त्याची ऊर्जा सात ज्यूलच्या थोडी वर जाते. तेव्हा परवडत असेल तर लष्करी मानकाचा घ्यावा, असं आमचं मत. पण तोही बंदुकीपुढे ढाल नव्हे. पॉइंट टू टूच्या गोळीची ऊर्जा शंभर ज्यूलच्या पुढे असते, तिथे कुठलाच चष्मा चालणार नाही. थेट गोळीपासून वाचवते ती रेंजची शिस्त: नळी नेहमी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर, कुणी पुढे गेलं असेल तर शस्त्र खाली.

भिंग कशाचं असावं? पॉलिकार्बोनेटचं. मराठीत आपण प्लास्टिकच्या भिंगालाही ‘काच’ म्हणतो, त्यामुळे दुकानात स्पष्ट विचारावं. खरी काच फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जातात, नंबरच्या चष्म्याचं नेहमीचं प्लास्टिकही जोरात मार बसला की तडकून तुटतं. पॉलिकार्बोनेट दबतं, वाकतं, पण सहसा फुटत नाही. त्याचे दोन दोष आहेत. ते मऊ असल्याने चरे पटकन पडतात, आणि भिंगाच्या कडेने पाहिलं तर रंगांची झालर दिसते. नेमबाजाला ही झालर खटकते. ट्रायव्हेक्स नावाचं भिंग त्या बाबतीत बरं, किंमत अर्थात जास्त. पॉलिकार्बोनेट शर्टाच्या टोकाने कोरडं पुसू नये, साध्या साबणाच्या पाण्याने धुवावं, आणि नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर त्याच्या जवळही नेऊ नये. एकदा जोराचा मार बसलेला चष्मा वरून ठीक दिसला तरी बाद.

रंगाचा फार बाऊ करू नका. इनडोअरला पारदर्शक. पिवळ्या भिंगाने उजळ वाटतं, पण ते प्रकाश वाढवत नाही, थोडा अडवतंच. उन्हातल्या ट्रॅपसाठी केशरी किंवा जांभळट छटा तबकडी उठून दिसावी म्हणून घेतात, ते ठीक. उन्हाच्या गॉगलवरचा ‘यूव्ही ४००’ हा शिक्का किरणांबद्दल आहे, आघाताबद्दल नाही.

आता बसण्याबद्दल. गुण सारखे असलेले दोन चष्मे इथेच वेगळे ठरतात. एका रेंजवर (नाव सांगत नाही) आमच्या डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, २५ मीटर पिस्तूल. चष्मा उत्तम, खूण आहे, वडिलांनी हौसेने आणलेला, पण ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून एक माप मोठा. कपाळ आणि चौकट यांच्यात बोटभर फट. पुंगळी बाजूच्या भिंतीला लागून उडाली आणि नेमकी त्या फटीतून आत, भिंग आणि पापणीच्या मध्ये. गरम पुंगळी! मुलगा किंचाळला, दचकून वळला, आणि हातातलं पिस्तूलही त्याच्याबरोबर वळलं. पिस्तुलात गोळ्या होत्या. प्रशिक्षकांनी झेप घेऊन मनगट धरलं. पापणीला छोटा फोड आला, तेवढ्यावर भागलं. त्या अर्ध्या सेकंदात नळी ज्या बाकाकडे होती त्यावर आम्ही पाच जण बसलो होतो. पाचांपैकी चौघांच्या डोळ्यांवर काहीच नव्हतं, आणि आमच्या डोळ्यांवर हा वाचायचा चष्मा.

तेव्हा चष्मा घातल्यावर आरशासमोर मान खाली-वर करून पाहा. भुवईजवळ, गालाजवळ, बाजूला बोट शिरतं का? कपाळाशी बसणारी चौकट घ्या आणि वर पुढे झाप असलेली टोपी घाला. काड्या चपट्या, पातळ हव्यात. जाड काडीमुळे कानावरच्या मफ्सची गादी उचलली जाते आणि आवाज आत शिरतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरते, आणि वाफ धरली की मुलं चष्मा काढून ठेवतात. म्हणून वाफ न धरणारा लेप असलेला घ्या. युरोपियन खुणेत त्यासाठी एन हे अक्षर असतं.

‘पण सर, नियमात सक्ती कुठे आहे?’ हा प्रश्न बाकावर हमखास येतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत न फुटणारा चष्मा वापरा असं सर्व खेळाडूंना आग्रहाने सांगितलं आहे, सक्ती नाही, हे खरं. पण स्पर्धा वर्षातून काही दिवस, सराव रोजचा. आणि सराव करणारं मूल बारा-तेरा वर्षांचं. त्याच्या डोळ्याचा निर्णय आपण करतो आहोत, ते नव्हे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: ‘माझा नंबरचा चष्मा आहे, त्यावर काय करू?’ दोन मार्ग. नंबरच्या चष्म्यावरून बसणारा मोठा संरक्षक चष्मा, किंवा खुणेच्या चौकटीत आपल्या नंबरचं पॉलिकार्बोनेट भिंग. दुसरा बरा. नंबर काढायला जाताना पिस्तूल न्यायची गरज नाही, हात पुढे करून पुढची साइट डोळ्यापासून किती अंतरावर येते ते टेपने मोजून न्या. आमच्या वयाच्या नेमबाजाला तिथे स्पष्ट दिसायला लांबच्या नंबरात थोडी भर लागते, ती डॉक्टर ठरवतील. बायफोकलने मात्र घोटाळा होतो, मान जराशी हलली की साइट दुसऱ्या भागात जाते.

दुसरी चिठ्ठी जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीबद्दल आहे. हो, तिथेही! मागे लाकडी फळी किंवा पत्रा, अंतर चार-पाच पावलं, फुगे लावणारा माणूस बाजूलाच उभा, आणि मुलं बापाच्या खांद्यावरून वाकून बघताहेत. यंदाच्या जत्रेत आम्ही अशा एका स्टॉलवाल्याला नवा चष्मा नेऊन दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, ‘आजोबा, याच्यानं नेम चांगला लागतो व्हय?’ असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर काउंटरखाली ठेवून दिला. नातीने तो बाहेर काढायला लावला. संध्याकाळी परत तिकडून गेलो तेव्हा तो त्याच्या मुलाच्या डोळ्यांवर होता, दोरीने मागून बांधलेला. माप मोठंच होतं, पण फुगे तोच लावत होता.