रोमनांची दुखणी

'ग्लॅडिएटर' या चित्रपटाला मे २०२५मध्ये पंचवीस वर्षं झाली. त्याआधी काही महिने त्याचा दुसरा भागही येऊन गेला. त्या निमित्ताने मोबाइलवर रोमचा जो पूर आला, तो अजून ओसरलेला नाही. पिळदार दंड, संगमरवरी पुतळे आणि खाली मार्कस ऑरेलियसच्या नावावर खपवलेलं एखादं कणखर वाक्य. व्यायामशाळेतल्या पोरांचं सोडा, पण परवा इतिहासाच्या एका पदवीधराने मला हेच 'रोमन तत्त्वज्ञान' म्हणून पाठवलं आणि डोक्यात तिडीक गेली. हा मार्कस तब्येतीने कायम तोळामासा. आपले गुरू फ्रॉन्टो यांच्याशी त्याचा जो पत्रव्यवहार होता, तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँजेलो माई या ग्रंथपालाच्या हाती लागला. चर्मपत्रावरचा मजकूर पुसून वर दुसरंच काही लिहिलेलं होतं, त्याखालून तो वाचून काढला. तत्त्वचिंतक सम्राटाची पत्रं म्हणून विद्वान टपून बसलेले, आणि निघालं काय, तर घसा धरलाय, झोप नीट लागली नाही, तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे! मंडळी पार हिरमुसली.

रोमन शरीराच्या अभ्यासाची मधली दीडेक शतकं मी बिनदिक्कत ओलांडतो. रोम म्हणजे कायदा, रस्ते, सैन्य, एवढंच तेव्हा शिकवलं जाई. शरीराची लाज इतकी की मूळ मजकुरासमोर इंग्रजी भाषांतर छापणाऱ्या लोब ग्रंथमालेच्या १९१९च्या आवृत्तीत रोमन कवी मार्शलच्या 'वाह्यात' कवितांचं इंग्रजी भाषांतर दिलंच नाही, तिथे इटालियन छापलं. इटालियन लोकांना लाज नसते, असा बहुधा समज. १९८४मध्ये फ्रेंच विचारवंत फुकोचं स्वतःच्या जोपासनेवरचं पुस्तक आलं. मोठा माणूस, मान्य. पण त्याचे रोमन सतत पथ्यपाणी सांभाळतात आणि त्यांना कधी साधा तापही येत नाही. मला ते पुस्तक कंटाळवाणं वाटलं, आजही वाटतं.

खरी धमाल १९९०नंतर आली. त्या वर्षी कॅथलीन कोलमन यांचा रोमन आखाड्यातल्या देहदंडावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा झेरॉक्स मुंबईहून पुण्याला माझ्याकडे आला तोवर अक्षरं पुसट झाली होती. इसवी सन ८०मध्ये कोलोसियमचं उद्‍घाटन झालं, त्या खेळांवर मार्शलने कविता केल्या. त्यातला एक कैदी लॉरिओलस या नाटकातल्या दरोडेखोराची भूमिका करतो. त्याला खरोखरच क्रूसावर टांगतात, खरोखरचं अस्वल त्याच्यावर सोडतात. अंगाच्या चिंधड्या झालेल्या, अवयव अजून जिवंत, रक्त ठिबकतंय, आणि कवी मात्र खूश, की कथेत होतं ते शिक्षेत उतरलं! कोलमन यांनी दाखवलं की हा कवीचा कल्पनाविलास नाही, अशा शिक्षा खरोखर दिल्या जात. तो लेख वाचल्यावर मार्शल पूर्वीसारखा वाचताच येईना.

मग एकामागून एक. १९९३मध्ये कार्लिन बार्टन यांचं ग्लॅडिएटरवरचं पुस्तक आलं. त्याच वर्षी शॅकलटन बेली यांनी लोबसाठी मार्शल नव्याने सिद्ध केला, या वेळी सगळा इंग्रजीत. त्याच वर्षी आजच्या तुर्कस्तानातल्या एफिससजवळ ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांवर भरून आलेल्या जखमांच्या खुणा मिळाल्या, म्हणजे या लोकांवर उपचार होत होते. १९९४मध्ये रिचर्ड सॅलर यांनी चाबकाचा विषय मांडला. रोममध्ये गुलाम कोण आणि नागरिक कोण, हे पाठीवरून ठरे. रोमन वक्ता सिसेरोने सिसिलीचा सुभेदार व्हेरीस याच्यावर जे आरोप ठेवले, त्यातला गाव्हियसचा प्रसंग मी तोवर वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकवत आलो होतो. मेसानाच्या भर चौकात त्याला फटके पडतात आणि दर फटक्याला तो फक्त 'मी रोमन नागरिक आहे' एवढंच म्हणतो. तरी व्हेरीस त्याला क्रूसावर चढवतो, तेही समुद्रापलीकडे इटली दिसेल अशा जागी. सॅलर वाचल्यावर कळतं की इथे पणाला लागलीय ती कातडी. पुढच्याच वर्षी ज्युडिथ पर्किन्स यांनी दुखणारं शरीर हीच त्या साम्राज्यातल्या माणसाची नवी ओळख कशी झाली, ते मांडलं.

आम्हा मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना यात परकं काही वाटेना. रोममधल्या टायबर नदीतल्या बेटाच्या परिसरात नवसाचे मातीचे पाय, हात, डोळे सापडलेत, आणि वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहताना आम्ही पाहिलेले. दोन्हींचं नातं थेट जोडावं की नाही, यावर वाद घालत कितीतरी चहा झाला.

याच काळात एका चर्चासत्रात अध्यक्षमहाशय मला म्हणाले, "हे सगळं अमेरिकन फॅड. उद्या तुम्ही रोमनांच्या दम्यावर निबंध वाचाल." सभागृह खो खो हसलं. त्यांनी रोमन तत्त्वज्ञ सेनेका फक्त सुभाषितांपुरता चाळला असावा. त्याचं ५४वं पत्र आहेच दम्यावर. झटका अचानक येतो, वादळासारखा तासाभरात ओसरतो. वैद्य याला मरणाची तालीम म्हणतात, हेही तो नोंदवतो. धाप लागलेली असताना आपण स्वतःशी काय बोलत होतो ते सांगतो, आणि श्वास अजून मोकळा झालेला नाही, हेही लपवत नाही.

२०००मध्ये 'ग्लॅडिएटर' चित्रपट आला. सल्लागार म्हणून बोलावलं होतं ते याच कोलमन यांना! पडद्यावर काय उतरलं, ते आपण पाहिलंच. त्या अनुभवावर त्यांनी पुढे लेखही लिहिला. नंतरच्या वर्षांत या विषयाची परिभाषा फुगली, माणूस त्यातून निघून गेला. इकडे आमच्या महाविद्यालयात प्राचीन जगाचा पेपर आधी ऐच्छिक झाला, मग विद्यार्थी नाहीत म्हणून बंद पडला. झेरॉक्सच्या त्या बाडाला आता घेणारं कोणी नाही.

तेव्हा मार्कसची वाक्यं पाठवणाऱ्यांना एक विनंती. फ्रॉन्टोचा पत्रव्यवहार आणि सेनेकाची पत्रं, दोन्हींची जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. पुढचं सुभाषित पाठवण्याआधी ते ५४वं पत्र तेवढं वाचा. छोटंसं तर आहे.